विनोबांची विश्रांती

राजघाटावर आपण गांधीजींच्या समाधीला नमस्कार करायला जातो. त्याच परिसरात १९५१ च्या नोव्हेंबर महिन्यात आचार्य विनोबा भावे एका झोपडीत अकरा दिवस राहिले होते. पंतप्रधान पंडित नेहरूंनी त्यांना पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यावर चर्चा करण्यासाठी दिल्लीला बोलावले होते. लवकर येता यावे म्हणून विमान पाठवण्याची तयारीही दाखवली होती. विनोबांनी निमंत्रण स्वीकारले, पण आपण पायी येऊ आणि आपल्या वेळेने येऊ, असे कळवले. १२ सप्टेंबरला ते वर्ध्याजवळच्या पवनारहून निघाले आणि १३ नोव्हेंबरला दिल्लीत पोहोचले. सुमारे आठशे मैलांची वाट त्यांनी दोन महिन्यांत चालून काढली. तेव्हा त्यांचे वय ५६ वर्षांचे होते.

या चालण्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. पण याच माणसाचे वजन त्याआधी तेरा वर्षे, १९३८ साली, ८८ पौंडांवर आले होते, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. चालणे दूरच, अंगात त्राण उरले नव्हते. त्या वेळी विनोबांनी काय केले, हे त्यांच्या चरित्रात सहसा दोन ओळींत उरकले जाते. आज त्या दोन ओळींपाशी जरा थांबू या.

थांबण्याचे कारण असे. आपल्या सत्संगात, विशेषतः दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरीदाबाद अशा ठिकाणी नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी साधकांच्या बोलण्यात, एक सल वारंवार ऐकू येतो. घरात आजारपण आहे, नोकरीत ताण आहे, रोजचे दोन-तीन तास प्रवासात जातात, आणि तरीही मनाला टोचणी कशाची, तर सेवा कमी पडते, पहाटेचे ध्यान चुकते, ठरवलेला ग्रंथ वाचून होत नाही. म्हणजे ताण मुळात होताच, त्यावर आपण पुरेसे काही करत नाही या अपराधीपणाचे ओझे आणखी. विनोबांसारखा कर्मयोगी अशा वेळी स्वतःशी कसा वागला, हे पाहण्यासारखे आहे.

कठोर सुरुवात

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणात, आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. आई रुक्मिणी अत्यंत भाविक, वडील नोकरीनिमित्त बडोद्याला. विनोबांची शाळा-कॉलेज बडोद्यालाच झाले. लहानपणीच त्यांनी ब्रह्मचर्याचा संकल्प केला आणि त्याबरोबर देहाला कष्टवण्याचा परिपाठ सुरू केला. पायात काही घालायचे नाही, मऊ अंथरुणावर निजायचे नाही, खाण्यात चव शोधायची नाही. भर उन्हात अनवाणी हिंडण्याचा त्यांच्या डोळ्यांवर पुढे परिणाम झाला. मुलगा मनाने तीव्र होता आणि शरीराने अशक्त.

१९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा मध्येच सुरतेला उतरून काशीला गेले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. काशीहून गांधीजींशी पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्यांची पहिली भेट झाली. गांधीजी तेव्हा भाजी चिरत बसले होते. त्यांनी नव्या पाहुण्यालाही कामाला बसवले. आणि त्याच भेटीत, हा तरुण फार अशक्त दिसतो, हेही त्यांनी हेरले आणि बोलून दाखवले. आत्मज्ञानाची वाट चालणाऱ्याने देहाची अशी हेळसांड करावी, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते.

पुढच्याच वर्षी विनोबांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली. वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि शांकरभाष्य अभ्यासायचे होते, शिवाय प्रकृतीही सुधारायची होती. नंतर ते महाराष्ट्रात पायी हिंडले. वर्ष संपले त्याच दिवशी ते आश्रमात परत हजर झाले. त्यांनी तेव्हा प्रकृतीकडे लक्ष दिले खरे, पण अभ्यास, व्यायाम, दळण, प्रवचने अशा कामांनी ते वर्षही गच्च भरून टाकले होते. रिकामे बसणे त्यांना अजून जमत नव्हते. विशीत ते फार थोड्यांना जमते.

१९२१ साली गांधीजींच्या सांगण्यावरून ते वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी घेण्यासाठी आले. तिथून पुढची सतरा वर्षे म्हणजे कामाचा अखंड प्रवाह: आश्रम, खादी, हरिजनसेवा, तुरुंगवास. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, म्हणून आज आपल्याला 'गीता प्रवचने' वाचायला मिळतात. तुरुंगातून सुटल्यावर ते वर्ध्याजवळच नालवाडी या वस्तीत राहू लागले.

सुताचा हिशेब

नालवाडीला विनोबांनी एक प्रयोग केला. खेड्यातल्या कातणाऱ्या बाईला दिवसभराच्या कामाचे जे चार पैसे मिळतात, तेवढ्यातच आपणही जगून पाहायचे. मग ते रोज तासन् तास सूत काढू लागले. बसून दमले की उभे राहून, एका हाताने, मग दुसऱ्या हाताने. तारा मोजायच्या, गुंड्या मोजायच्या, त्यातून किती आणे झाले ते पाहायचे आणि तेवढ्याचेच खायचे. गणित हा त्यांचा आवडता विषय. देवाच्या खालोखाल आपले प्रेम गणितावर आहे, असे ते सांगत असत. त्यामुळे हा हिशेब काटेकोर चालला.

प्रयोगामागची कळकळ मोठी होती. गरीब बाईच्या मजुरीत पोट भरत नाही, हे त्यांनी स्वतःच्या पोटाने सिद्ध करून दाखवले. कातणाऱ्यांची मजुरी वाढली पाहिजे, हा विचार खादीच्या कामात त्याच सुमारास जोर धरू लागला, त्याला अशा अनुभवांचे पाठबळ होते. हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मूळचा नाजूक देह, वर्षानुवर्षांचा अपुरा आहार, त्यात हे तासन् तास कातणे आणि शिकवणे. १९३८ साल उजाडले तेव्हा देहाने हात टेकले.

एक बोलणे आणि एक पूल

गांधीजी तोवर सेवाग्रामला राहायला आले होते. विनोबांची प्रकृती ढासळल्याचे कळताच त्यांनी बोलावणे धाडले आणि इथेच राहा, मी स्वतः शुश्रूषा करतो, असे सुचवले. विनोबांनी हसत नकार दिला. बापूंच्या मागे पन्नास कामे, त्यातले एक रोग्यांची सेवा, आणि रोगीही अनेक. त्यात आपल्या वाट्याला कितीसे येणार, असा त्यांचा हिशेब होता. मग डॉक्टरांचा विषय निघाला, तोही विनोबांनी टाळला. मग गांधीजींनी थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा आग्रह धरला. नैनिताल, मसुरी अशी नावे निघाली.

विनोबांनी सुचवलेले ठिकाण मात्र वर्ध्यापासून पाच-सहा मैलांवरचे निघाले. पवनारला धाम नदीच्या काठी एका टेकाडावर जमनालाल बजाज यांचा बंगला रिकामा होता. डोंगरावरच जायचे तर तिथे जातो, असे त्यांचे म्हणणे. विदर्भाचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना यातली गंमत कळेल. गांधीजींनी होकार दिला, पण एक अट घातली. जागा कोणतीही असो, कामाचे ओझे बरोबर न्यायचे नाही. आश्रमाची, संस्थांची, कोणाचीही चिंता तिथे करायची नाही.

ही अट गांधीजींनी घातली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते स्वतः क्षणाक्षणाचा हिशेब ठेवणारे, घड्याळ कमरेला लावून हिंडणारे. सहकाऱ्याने काम किती केले याची विचारपूस करणारे. पण थकलेल्या माणसाला केवळ जागाबदल पुरत नाही, मनातले कामही खाली ठेवावे लागते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. रक्तदाब वाढून त्यांना स्वतःलाही सक्तीची विश्रांती घ्यावी लागली होती.

७ मार्च १९३८ रोजी विनोबा मोटारीने पवनारला निघाले. चालण्याइतकी शक्ती नव्हती. गाडी धाम नदीच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी मनातल्या मनात तीनदा संन्यासाचा संकल्प केला. संन्यास घेताना घर, धन, नातीगोती सोडल्याचा उच्चार करतात. विनोबांपाशी घर, धन यांपैकी काहीच नव्हते. त्यांनी सोडले ते आपले काम. आश्रम, विद्यार्थी, खादी, गावसेवा हे सारे पुलाच्या अलीकडे राहिले. नदीच्या पलीकडचे म्हणून त्या जागेला त्यांनी नाव दिले परंधाम.

त्या क्षणी त्यांनी काय सोडले, याचा नीट विचार केला तर अंगावर काटा येतो. वाईट सवयी सोडणे सोपे नसतेच, पण चांगले काम सोडणे त्याहून अवघड. आपल्यावाचून लोकांचे अडेल, लोक काय म्हणतील, आपण स्वार्थी तर नाही ना, हे प्रश्न वाईट सवय सोडताना पडत नाहीत. सेवा खाली ठेवताना पडतात. शिवाय तो काळ साधा नव्हता. देश पारतंत्र्यात होता, वर्ध्याला रोज कोणीतरी नेता येत होता, कामाचा डोंगर उभा होता. अशा वेळी पहिल्या फळीतला कार्यकर्ता काम ठेवून नदीकाठी जाऊन बसतो.

पाच मिनिटे

पवनारला पहिले काही दिवस विनोबांनी जवळजवळ काहीच केले नाही. मन मोकळे ठेवायचे, विचारांचे ओझे घ्यायचे नाही, थोडे चालायचे, विश्रांती घ्यायची. नंतर त्यांनी हातात कुदळ घेतली. पण कशी? पहिल्या दिवशी जेमतेम पाच मिनिटे खोदले आणि कुदळ ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी त्यात दोन मिनिटांची भर. असे करत करत काही महिन्यांनी ते रोज चांगले दोन तास खोदू लागले. त्या दोन तासांतही मध्ये मध्ये क्षणभर थांबायचे, श्वास घ्यायचा, मग पुन्हा. दमेपर्यंत खोदायचे नाही, हा नियम.

नालवाडीत तारा मोजणाऱ्या त्याच गणितप्रेमी माणसाने इथे मिनिटे मोजली, पण मोजायची ती थांबण्यासाठी. पाच झाली, पुरे. अजून दहा मिनिटे सहज करता येतील असे वाटले तरी पुरे. आजारातून उठलेल्या माणसाला हा मोह फार होतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. जरा बरे वाटले की एका दिवसात आठवड्याचे काम उरकायचे आणि पुन्हा चार दिवस अंथरुणाला खिळायचे. विनोबांनी तसे केले नाही. देहाशी ते आईने लहान मुलाशी वागावे तसे वागले. ज्या देहाला त्यांनी बालपणापासून धाकात ठेवले होते, त्याच्याशी.

परिणाम दिसला. सुमारे दहा महिन्यांत वजन ८८ पौंडांवरून १२८ पौंडांवर गेले. चाळीस पौंडांची वाढ, औषधाविना.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. डॉक्टरांना टाळण्याचा विनोबांचा भाग आपण उचलायचा नाही. तो त्यांचा स्वभाव आणि त्यांचा प्रयोग होता. अंगातली अशक्ती किंवा मनाची मरगळ आठवडेच्या आठवडे उतरत नसेल, झोप लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वैद्यकीय सल्ला घेणे हीच स्वतःशी केलेली दया आहे. ध्यान आणि औषध यांत भांडण नाही.

आणि आणखी एक. ही कथा ऐकून कोणी म्हणेल, अच्छा, म्हणजे विश्रांती घेतली की नंतर जास्त काम होते, असे तर! विनोबांच्या मनात तो व्यवहार नव्हता. पुलावर त्यांनी काम सोडले ते परत घेण्याच्या बोलीने सोडले नव्हते. परत मिळेल की नाही, देह टिकेल की नाही, हे त्यांना माहीत नव्हते. संन्यास हा शब्द त्यांनी पूर्ण अर्थाने वापरला होता.

जमिनीतून आलेले भरत-राम

त्या खोदकामात पवनारच्या जमिनीतून जुनी शिल्पे वर येऊ लागली. त्यातले एक शिल्प आज परंधाम आश्रमाचे दैवत आहे: वनवासातून परतलेले प्रभू रामचंद्र आणि भरत यांची भेट, दोघे एकमेकांना आलिंगन देत असलेले.

विनोबांना यात मोठा संकेत दिसला, कारण धुळ्याच्या तुरुंगात बाराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी लक्ष्मण आणि भरत यांच्या भक्तीची तुलना केली होती. लक्ष्मण सतत रामाजवळ, प्रत्येक क्षणी सेवेत. भरत दूर, पादुका ठेवून वाट पाहणारा. जवळ राहून हात राबवणारी भक्ती आणि दूर राहून मनाने जोडलेली भक्ती, या दोन्ही रामाला सारख्याच पोहोचतात, असे त्यांचे विवेचन होते. सेवेत प्रत्यक्ष राबता येत नाही म्हणून खंत करणाऱ्या साधकाने गीता प्रवचनांतला हा बारावा अध्याय पुन्हा काढून वाचावा. आजारी आईजवळ बसून राहिलेला साधक शिबिराला येऊ शकला नाही, तर तो भरताच्या जागी असतो.

दोन वर्षांनी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली. सत्याग्रह सुरू झाला तो पवनारहूनच. मग पुन्हा तुरुंग, पुन्हा काम. तो इतिहास सर्वश्रुत आहे, म्हणून पुढे जाऊ.

दिल्लीतले सहा महिने

३० जानेवारी १९४८. गांधीजींच्या हत्येची बातमी विनोबांना पवनारला मिळाली. पहिले दोन-तीन दिवस त्यांचे मन विलक्षण स्थिर होते. नंतर एका प्रार्थनासभेत बोलता बोलता त्यांचे डोळे वाहू लागले. स्थितप्रज्ञाची लक्षणे आयुष्यभर चिंतणाऱ्या माणसाला आपण सर्वांसमोर रडलो याची लाज वाटली नाही. देवाने आपल्यालाही हृदय दिले आहे, याबद्दल त्यांनी त्याचे आभारच मानले.

मार्चच्या अखेरीस पंडितजींच्या बोलावण्यावरून ते दिल्लीला आले. फाळणीने उद्ध्वस्त झालेले निर्वासित दिल्लीत आणि आसपासच्या छावण्यांत होते. दुसरीकडे मेवातचे मेव मुसलमान आपल्या गावांतून उखडले गेले होते. गांधीजी स्वतः डिसेंबर १९४७ मध्ये घासेडा या गावी जाऊन त्यांना देश न सोडण्याविषयी विनवून आले होते. आजचा नूह जिल्हा तो हाच, राजधानी क्षेत्राचाच भाग. विनोबांनी सुमारे सहा महिने हे काम केले. निर्वासितांची गाऱ्हाणी सरकारपर्यंत न्यायची, सरकारची उत्तरे त्यांच्यापर्यंत आणायची, मेवांना पुन्हा आपल्या गावांत वसवायचे. थोडे यश आले, पुष्कळ निराशा वाट्याला आली. दिलेली आश्वासने कचेऱ्यांत अडकत. जिथे वरिष्ठांची इच्छा होती तिथेही खालपर्यंत काही पोहोचत नसे.

या सहा महिन्यांनंतर विनोबा दिल्लीत अडकून पडले नाहीत. इथल्या पद्धतीत आपल्या हातून याहून जास्त होणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि ते पवनारला परतले. तिथे १९५० च्या आरंभी पैशावाचून जगण्याचा आणि बैलाशिवाय, हातांनीच शेती करण्याचा प्रयोग सुरू झाला. पुन्हा तीच कुदळ आणि तेच टेकाड.

मला स्वतःला विनोबांच्या चरित्रातली ही दिल्लीहून माघार फार मोलाची वाटते. दिल्ली हे शहर माणसाला थांबू देत नाही. इथे प्रत्येकाला आपण निघून गेलो तर सारे कोसळेल असे वाटते. निर्वासितांचे दुःख तर खरेच होते, ते काही मनाचे खेळ नव्हते. तरी आपल्या शक्तीची हद्द ओळखून परतण्यात विनोबांना कमीपणा वाटला नाही.

आपल्या वेळेने

आता १९५१ च्या त्या विमानाकडे पुन्हा पाहू. त्या वर्षीच १८ एप्रिलला तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा उगम झाला होता. योजना आयोगाचे सदस्य रा. कृ. पाटील पवनारला येऊन विनोबांशी बोलले. विनोबांनी मसुद्यावर सडकून टीका केली. ती नेहरूंपर्यंत पोहोचली आणि बोलावणे आले. राष्ट्राच्या योजनेचा प्रश्न होता. याहून मोठी घाई कोणती असणार? पण विनोबा रोज दहा-बारा मैल चालत राहिले. पहाटे तीनच्या सुमारास निघायचे, ऊन चढण्याच्या आत मुक्कामी पोहोचायचे, मग विसावा, भेटी, प्रार्थना आणि लवकर झोप. वाटेत २ ऑक्टोबरला सागर येथे त्यांनी पाच कोटी एकर भूमीचा संकल्प बोलून दाखवला आणि दुसऱ्या पहाटे ठरलेल्या वेळी निघाले. संकल्प पाच कोटींचा, पाऊल मात्र रोजचेच. पदयात्रेच्या या लयीत पवनारची ती मिनिटे होती, असे मानायला जागा आहे. शरीराने काल जेवढे केले त्याहून फार जास्त आज मागायचे नाही.

नेहमीच त्यांना हे जमले असे मात्र नाही. १९५२ च्या डिसेंबरात बिहारमध्ये चांडिल येथे त्यांना घातक हिवतापाने गाठले. ताप चढत होता आणि ते औषध घ्यायला तयार नव्हते. दिल्लीहून राष्ट्रपती राजेंद्रबाबूंचे आणि नेहरूंचे निरोप आले. बिहारचे मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह स्वतः येऊन विनवणी करू लागले. हा हट्टच होता आणि तो गोड मानण्याचे कारण नाही. अखेर भोवतालच्या लोकांची व्याकुळता पाहून विनोबांनी औषध घेतले. बरे होईपर्यंत पदयात्रा थांबली, पुढचे सर्वोदय संमेलनही मार्च १९५३ मध्ये चांडिललाच भरले. स्वतःवर दया करणे ज्याला जड जाते, त्याला कधी कधी दुसऱ्यांच्या प्रेमाखातर ती करावी लागते. विनोबांनाही ते करावे लागले.

त्यानंतर त्यांची पदयात्रा १९६४ पर्यंत चालली. जवळजवळ तेरा वर्षे. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात मिळाली. त्यातली सगळी काही भूमिहीनांपर्यंत पोहोचली नाही, पुष्कळशी नापीक किंवा वादातली निघाली. टीकाकारांनी आकडे मांडले. विनोबांना आकड्यांची आवड होती आणि अपुरेपणही त्यांना दिसत होते, पण त्यासाठी ते स्वतःला फटके मारत बसले नाहीत.

७ जून १९६६ रोजी, गांधीजींच्या पहिल्या भेटीला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, त्यांनी बाहेरचे काम सोडून सूक्ष्मात प्रवेश करत असल्याचे जाहीर केले. तरुण कार्यकर्ते गोंधळले. इतके काम अपुरे असताना हे काय? १९७० साली त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे पवनार सोडून कोठे जायचे नाही. २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारलाच त्यांनी देह ठेवला. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

त्या शेवटच्या वर्षांत धाम नदीच्या काठी त्यांना भेटायला देशभरातून माणसे येत. मंत्री येत, सर्वोदयाचे कार्यकर्ते येत, परदेशी अभ्यासक येत. कित्येकदा त्यांना दिसे ते असे: डोक्याला टोपी घातलेला एक म्हातारा आश्रमाच्या अंगणात वाकून गवताच्या काड्या आणि वाळकी पाने एकेक करून वेचतो आहे. प्रत्येक काडीबरोबर एक नाम. टोपली भरली का, हे कोणी पाहत नव्हते, तेही पाहत नव्हते. ज्या टेकाडावर कधी काळी पाच मिनिटे कुदळ चालवून ते थांबले होते, तेच हे अंगण.